उजळाईवाडी ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर किती, वेळ किती

कोल्हापुरात हल्ली क्वचितच एखादं घर असं असेल की जिथलं कुणी परदेशात नाही. राजारामपुरीतला मुलगा कॅलिफोर्नियात, नागाळा पार्कातली मुलगी मेलबर्नला, जयसिंगपूरचा भाचा दुबईत. त्यामुळे 'किती तासांचा प्रवास आहे हो?' हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही निघतो आणि तालमीच्या कट्ट्यावरही. प्रश्न साधा असला तरी उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी सोळा तास सांगतं, कुणी बावीस, तर कुणी 'दोन दिवस धरा' म्हणतं. तिघंही खरं बोलत असतात. दोन विमानतळांमधलं अंतर, विमान हवेत असतं तो वेळ आणि दारातून निघून दारात पोचायला लागणारा वेळ अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच मापाने मोजायला गेलं की गोंधळ होतो.

अंतरापासून सुरुवात करू. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडले तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक ओलांडून जाते. विमान त्या रेघेवरून जात नाही. पृथ्वी गोल आहे आणि सपाट कागदावर तिचा उत्तरेकडचा भाग ताणला जातो. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा घट्ट ताणून बघावा. तो आपोआप उत्तरेला सरकतो आणि युरोपच्या डोक्यावरून, अटलांटिकच्या पार उत्तरेकडून अमेरिकेत उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश माहीत असले की त्याची लांबी शाळेतल्या त्रिकोणमितीने काढता येते. पृथ्वीची सरासरी त्रिज्या 6,371 किलोमीटर धरायची, एवढंच.

हे गणित कोल्हापूरच्या विमानतळापासून, म्हणजे उजळाईवाडीपासून करून बघितलं. आपल्या विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचं सर्वांत जवळचं अंतर सुमारे 12,840 किलोमीटर भरतं. उजळाईवाडी ते मुंबई सुमारे 310 आणि मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे 12,530. बेरीज तीच, 12,840. म्हणजे मुंबईला गेल्याने एका किलोमीटरचाही वळसा पडत नाही. कोल्हापूरहून न्यूयॉर्ककडे दोरा ताणला तर तो मुंबईच्या जवळून जातो. लंडनचंही तसंच. सरळ अंतर 7,515 किलोमीटर, मुंबईमार्गे 7,520 च्या आसपास. सॅन फ्रान्सिस्कोला थोडा फरक पडतो, 13,730 च्या जागी 13,820. दुबईला 2,180 च्या जागी 2,235.

पूर्वेकडे चित्र उलटं होतं. मेलबर्न उजळाईवाडीपासून सुमारे 9,515 किलोमीटर आहे. बंगळूरमार्गे गेलं तर अंतर जवळजवळ तेवढंच राहतं, मुंबईमार्गे गेलं तर मात्र ते 10,115 होतं. सहाशे किलोमीटर उगाच. सिंगापूरचं सरळ अंतर 3,670, बंगळूरमार्गे 3,710, मुंबईमार्गे 4,230. म्हणून ऑस्ट्रेलिया-सिंगापूरला जाणाऱ्याने आधी बंगळूरकडे बघावं आणि लंडन-न्यूयॉर्कला जाणाऱ्याने मुंबईकडे. आपल्याकडे सवयीने सगळ्यांचीच पावलं मुंबईकडे वळतात. बंगळूरचं विमान उजळाईवाडीवरून सुटतं, ते अंतर सुमारे 530 किलोमीटर आहे आणि एटीआर जातीचं पंख्याचं विमान ते दीड तासाच्या आत-बाहेर कापतं. मेलबर्नला नातवंडं असलेल्या आजी-आजोबांनी रात्रभर बसमध्ये बसून मुंबई गाठण्याचं काही कारण नाही.

ही आकडेमोड करताना एक पथ्य पाळावं लागतं. सर्वांत जवळचा मार्ग विमानाला मिळतोच असं नाही. मुंबई ते लंडन ही सरळ रेघ ओढली तर ती बलुचिस्तान, इराण, जॉर्जिया, काळा समुद्र आणि युक्रेन यांच्यावरून जाते. पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना 2019 च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद ठेवली होती, ती एप्रिल 2025 मध्ये पुन्हा बंद केली. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे. जून 2025 मध्ये इराण-इस्रायल संघर्षात आखाताच्या आसपासची आकाशं काही काळ बंद पडली आणि दोहासारखा मोठा विमानतळही त्यात अडकला. पाकिस्तानच्या बंदीचा सगळ्यात मोठा फटका दिल्लीच्या विमानांना बसला. एअर इंडियाच्या दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नाला इंधन भरावं लागलं. मुंबईची विमानं आधीच अरबी समुद्रावरून निघतात, म्हणून त्यांना झळ त्या मानाने कमी. कोल्हापूरच्या प्रवाशाला दिल्लीमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर त्याने हेही तपासून घ्यावं.

आता वेळ. मोठं जेट विमान ताशी साधारण 900 किलोमीटर वेगाने उडतं. 12,530 ला 900 ने भागलं की चौदा तास येतात. प्रत्यक्षात मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान सोळा तासांच्या आसपास घेतं आणि परतताना साधारण दीड तास कमी. हा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, जोरदार पट्टे वाहत असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यात वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जाणं नवलाचं नाही. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात आकाशात फुगे सोडून हे वारे मोजले आणि जगाला कळावं म्हणून आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. ती भाषा वाचणारे थोडे, त्यामुळे एवढा महत्त्वाचा शोध कित्येक वर्षं दुर्लक्षित राहिला. आज कुठलीही विमान कंपनी या वाऱ्यांचा अंदाज पाहिल्याशिवाय लांबच्या उड्डाणाचा मार्ग ठरवत नाही.

वारा आणि अंतर यांच्या या झगड्याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं थेट विमान आधी अटलांटिकवरून जायचं, तो मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरचा. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पूर्वेला वळवून पॅसिफिकवरून नेलं. मार्ग 15,300 किलोमीटरचा झाला, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, तरी प्रवास साडेचौदा तासांत आटोपला, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी. वारा पाठीशी होता. अंतर वाढलं आणि वेळ घटला. दोन शहरांची नावं घालून संगणकाला वेळ विचारणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण संगणक बहुधा अंतराला सरासरी वेगाने भागून मोकळा होतो.

दुसरं उदाहरण जानेवारी 2021 चं. कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळूरला आणलं. या दोन शहरांमधलं सरळ अंतरच 13,990 किलोमीटरच्या आसपास आहे आणि ती जवळजवळ पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना आहेत. सुमारे सतरा तासांचं ते उड्डाण होतं. आपण ज्या बंगळूरला दीड तासात पोचतो तिथपर्यंत ध्रुवावरून थेट विमान येऊ शकतं ही गोष्ट मला आजही थरारक वाटते.

घड्याळाचा हिशोब वेगळाच. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची वेळ पोचलेल्या गावची. न्यूयॉर्क आपल्या मागे साडेनऊ तास उन्हाळ्यात आणि साडेदहा तास हिवाळ्यात. सॅन फ्रान्सिस्को साडेबारा किंवा साडेतेरा. म्हणून रात्री एकला मुंबई सोडलेलं विमान त्याच तारखेच्या सकाळी न्यूयॉर्कला उतरतं आणि घरचे समजतात की प्रवास सहा-सात तासांचाच झाला. परतताना हाच हिशोब उलटतो आणि एक तारीख गिळली जाते. लांबचं तिकीट काढताना एकूण तासांचा जो आकडा छापलेला असतो, तोच तेवढा बघावा.

हे सगळं किती झपाट्याने बदललं हे कोल्हापूरच्याच इतिहासात दिसतं. 1870 मध्ये कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज बोटीने इंग्लंडला गेले. त्या वेळी कोल्हापूरला रेल्वेही नव्हती, ती 1891 मध्ये आली. इंग्लंडचा दौरा संपवून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. तिथे त्यांचं स्मारक आहे आणि त्याच परिसरातल्या पुलालाही 'इंडियन' पूल म्हणतात. त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून 1872 मध्ये प्रसिद्ध केली. घरापासून इतक्या दूर एकटं पडणं म्हणजे काय, हे कोल्हापूरला तेव्हा कळलं. पुढे 1902 मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी बोटीनेच इंग्लंडला गेले.

त्यानंतरच्या पिढीने आकाशाकडे पाहिलं. शाहूपुत्र राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1939 मध्ये, उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभा राहिला. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचं पहिलं विमान मुंबईला आणलं ते 15 ऑक्टोबर 1932 ला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत एका संस्थानाने स्वतःची धावपट्टी आखली ही लहान गोष्ट नव्हे. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत 10 जूनला लंडनला पोचलं. 1960 च्या मे महिन्यात एअर इंडियाची बोइंग 707 लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली आणि 2007 मध्ये मुंबई ते न्यूयॉर्क थेट उड्डाण सुरू झालं. बोटीचे आठवडे, प्रोपेलरचे दोन दिवस आणि आता न्यूयॉर्कलाही सोळा तास.

आणि याच काळात कोल्हापूर ते मुंबई हा टप्पा? रस्त्याने सुमारे 375 किलोमीटर. गाडीने सात-आठ तास, आणि विमान चुकू नये म्हणून वर दोन तास हाताशी. महालक्ष्मी एक्स्प्रेसने पाचशेहून अधिक रेल्वे-किलोमीटर आणि साधारण अकरा तास. लेखाचा खरा विषय माझ्या मते इथे आहे. युरोप-अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. रात्री दोनचं विमान असेल तर अकराला काउंटरवर उभं राहायला हवं. म्हणजे कोल्हापूरच्या घरातून दुपारी बाराला निघायचं. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला, पुण्याच्या बाहेर कोंडी झाली, पनवेलनंतर रखडलो, या सगळ्यांची तजवीज त्यात धरलेली असते. दार ओढून घेतल्यापासून मुंबईत विमानाची चाकं उचलेपर्यंत चौदा तास गेले. पुढचं न्यूयॉर्क सोळा तासांवर. हवाई अंतराने पहिल्या 310 किलोमीटरना चौदा तास आणि पुढच्या 12,530 किलोमीटरना सोळा.

पावसाळ्यात तर हेही खात्रीचं नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. त्या दिवसांत ज्यांची तिकिटं होती त्यांच्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा महामार्गावरच्या तावडे हॉटेलच्या पुढचा रस्ता दूर होता.

निघण्याच्या आदल्या रात्रीचं घर बघितलं की या जोडणीचं महत्त्व कळतं. बॅग उघडी पडलेली. कांदा-लसूण मसाल्याची पुडी आधी जाड प्लास्टिकमध्ये, मग त्यावर कापडात, मग स्टीलच्या डब्यात, कारण तेल सुटलं तर साड्या गेल्या. पापड, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, नातवासाठी गुळाची ढेप. हुक लावायचा हातातला वजनकाटा शेजारून मागून आणलेला; बॅग उचलून धरायची, काटा स्थिर झाला की ओरडून आकडा सांगायचा. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा 23 किलोच्या दोन बॅगा चालतात. देशांतर्गत तिकिटावर साधारण 15 किलो. कोल्हापूर-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं तर पहिल्याच काउंटरवर तीसेक किलोचे जादा पैसे भरा, नाहीतर ढेप परत पाठवा. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर परदेशाचा नियम सहसा पहिल्या टप्प्यालाही लागू होतो. अनेक कुटुंबं विमान असूनही रस्त्याने का जातात, याचं एक मोठं कारण हा वजनाचा हिशोब आहे. त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

दुसरं कारण त्याहून गंभीर. दोन वेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी कुणाचीच नसते. लाखभराचं तिकीट वाया जातं. एका तिकिटावर असेल तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीवर येतं. व्हीलचेअर मागणाऱ्या, इंग्रजीत भांडता न येणाऱ्या सत्तरीच्या आईवडिलांसाठी हा फरक शंभर-दोनशे किलोमीटरच्या वळशापेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून मी कुणालाही सल्ला देताना आधी किलोमीटर विचारत नाही. बंगळूरमार्गे लंडनला गेलं तर मुंबईपेक्षा हजारेक किलोमीटर जास्त पडतात, म्हणजे हवेत सव्वा तास अधिक. पण तिथे एका तिकिटावर तीन तासांची जोडणी मिळत असेल तर बंगळूरच घ्यावं. आखाती कंपन्यांचंही असंच. दुबईमार्गे लंडनला जायला फक्त दोनेकशे किलोमीटरचा फेरा पडतो. खरा खर्च दुबईच्या बाकावर बसून काढलेल्या तासांचा असतो.

मग उजळाईवाडीचं काय? मधली काही वर्षं तिथून नियमित विमानच नव्हतं. 2018 मध्ये उडान योजनेतून सेवा परत सुरू झाली. हैदराबाद, बंगळूर, तिरुपती, अहमदाबाद, मुंबई अशी शहरं जोडली गेली, काही सेवा मध्येच खंडितही झाल्या. मार्च 2024 मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. धावपट्टी 1,370 मीटरची होती, ती 1,930 झाली आणि पुढे 2,300 पर्यंत न्यायची योजना आहे. आज तिथे एटीआर आणि एम्ब्रेअरसारखी मध्यम विमानं उतरतात. एअरबस 320 सारख्या विमानाला भरल्या वजनाने सुटण्यासाठी लांब धावपट्टी हवी. म्हणून कोल्हापूरहून थेट दुबई ही घोषणा सभेत टाळ्या मिळवते, पण त्यासाठी धावपट्टी, इमिग्रेशन, कस्टम्स असं सगळंच उभं करावं लागेल. ते व्हावं अशी माझीही इच्छा आहे. फक्त तोवर हातावर हात धरून बसू नये. शेजारी बेळगावच्या सांबरा विमानतळाची आणि गोव्याच्या मोपा विमानतळाची वाट आहे. पुण्याहून परदेशी थेट सेवा बोटांवर मोजण्याइतक्याच. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली असली, तरी तिथून परदेशी विमानं वाढतील तसा द्रुतगती मार्गाने येणाऱ्या कोल्हापूरकराचा पनवेल ते अंधेरी हा सगळ्यात वैतागाचा तुकडा वाचेल.

कोल्हापूरच्या व्यापारी संघटनांनी, खासदार-आमदारांनी आणि प्रवासी मंडळींनी एकत्र येऊन आधी मागावी ती गोष्ट त्यामानाने लहान आहे. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला मुंबईचं एक विमान, म्हणजे मध्यरात्रीची परदेशी विमानं गाठता येतील. पहाटे मुंबईहून एक विमान, म्हणजे रात्री उतरलेली माणसं सकाळच्या चहाला घरी येतील. आणि ही दोन्ही विमानं मोठ्या कंपन्यांच्या तिकिटाला जोडलेली हवीत, बॅग उजळाईवाडीत दिली की थेट लंडन-न्यूयॉर्कला मिळावी अशी. मुंबईत त्या वेळेला उतरायला जागा मिळवणं, म्हणजे स्लॉट, हीच यातली खरी अडचण आहे आणि तिथेच राजकीय वजन वापरावं लागेल. एवढं झालं तर दारापासून न्यूयॉर्कचा प्रवास तीस तासांवरून चोवीस-पंचवीसवर येतो. यासाठी धावपट्टीचा एक मीटरही वाढवावा लागत नाही, आणि रात्री विमान उतरवण्याची सोय उजळाईवाडीला आधीच झालेली आहे.